‘मी हे वाचलंय’ असं सांगणारा आकडा

खानापूर तालुक्यातल्या एका तरुण डॉक्टरचं पत्र आलं आहे. थोडक्यात देतो.

‘नमस्कार सर, मी बेळगावात कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करतेय, शेवटचं वर्ष. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांच्या श्वसनाच्या तक्रारींवर माझं डिसर्टेशन (एमडीचा प्रबंध) झालं. त्याचा पेपर करून एका जर्नलला पाठवला. तो रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञापर्यंत, पोचलाच नाही. “रेफरन्सेस जर्नलच्या फॉरमॅटप्रमाणे नाहीत” एवढा शेरा मारून दोनदा परत आला. एकूण ३४ रेफरन्स आहेत. खरं सांगते, त्यातले निम्मे मी इतरांच्या पेपरांच्या यादीतून उचललेत. पहिलाच रेफरन्स डॉल आणि हिल यांच्या १९५० च्या पेपरचा आहे, “तंबाखूमुळे फुप्फुसाचे विकार होतात” या वाक्याला लावलेला. तोसुद्धा मी उघडून बघितलेला नाही. सीनियर म्हणतात, सगळे असंच करतात. स्वल्पविराम आणि पूर्णविरामासाठी पेपर परत पाठवणं हा छळच नाही का? मैत्रीण म्हणते, एआयकडून यादी नीट करून घे. मी मराठी शाळेत शिकले, इंग्रजीचा धसका अजून गेलेला नाही. काय करू?’

मुली, डॉक्टर झालीस तरी माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’ म्हणतो. पत्रात कबुलीचं ते एक वाक्य तू लिहिलंस, त्यासाठी आधी शाबासकी देतो. माझी सगळी नोकरी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. यादी उचलणारे पुष्कळ पीजी (एमडी-एमएस करणारे विद्यार्थी) बघितले. तसं कबूल करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

स्वल्पविरामापासून सुरू करू, कारण तुझा राग तिथं आहे. तू ज्याला फॉरमॅट म्हणतेस त्याचं नाव व्हँकूव्हर पद्धत. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक एकत्र बसले. तोवर प्रत्येक जर्नलची तऱ्हा वेगळी होती. एकाकडून परत आलेला पेपर दुसरीकडे पाठवायचा तर अख्खी यादी टाईपरायटरवर नव्यानं बडवावी लागे. ते कष्ट वाचावेत म्हणून त्यांनी एक समाईक पद्धत ठरवली आणि १९७९ साली ती छापून आली. रेफरन्स कसा मांडायचा, हे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं आखून दिलं. संपादकांचा तोच गट पुढं वाढून आयसीएमजेई (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) या नावानं ओळखला जाऊ लागला. म्हणजे तुला जी गोष्ट छळ वाटते, ती लेखकांचा त्रास कमी करायलाच जन्माला आली.

आता तुझा पहिला रेफरन्स घेऊ. पेपरात तो इंग्रजीतच जाणार, पण इथं मराठी अक्षरांत मांडून दाखवतो:

डॉल आर, हिल एबी. स्मोकिंग अँड कार्सिनोमा ऑफ द लंग; प्रिलिमिनरी रिपोर्ट. ब्र मेड जे. १९५०;२(४६८२):७३९-४८.

आधी आडनाव, मग आद्याक्षरं. आद्याक्षरांत टिंब नाही, मधे जागा नाही. दोन लेखकांमधे स्वल्पविराम, शेवटच्या लेखकानंतर पूर्णविराम. शीर्षकात पहिलंच अक्षर मोठं; विशेषनाम आलं तर त्याचंही, बाकी सगळी लहान. मग जर्नलचं संक्षिप्त नाव. ते आपल्या मनानं बनवायचं नसतं, नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमधे ठरलेलं असतं. पुढं वर्ष, अर्धविराम, खंड, कंसात अंक, अपूर्णविराम, पानं, आणि या आकड्यांच्या माळेत कुठंही मोकळी जागा सोडायची नाही.

हा क्रम मला कधी पाठ करावा लागला नाही, कारण माझे पाय रोज त्याच क्रमानं चालत. कोणी चिठ्ठी घेऊन आलं की आधी जर्नलच्या नावाचं कपाट, मग वर्षाचा कप्पा, मग बांधीव खंड, खंडात अंक, अंकात पान. तो अर्धविराम आणि तो कंस म्हणजे ग्रंथालयातली वळणं आहेत. एक आकडा चुकला की माणूस भलत्याच कपाटासमोर उभा राहतो. पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपरांची इंटरनेटवरची सूची, १९९७ साली सगळ्यांसाठी मोफत झालं, त्याच्या आधीची गोष्ट सांगतो. एका पीजीला एक जुना पेपर हवा होता. आमच्याकडं तो खंड नव्हता, म्हणून दिल्लीच्या एका मोठ्या ग्रंथालयाला झेरॉक्ससाठी पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: दिलेल्या खंडात दिलेल्या पानावर असा लेख नाही. आम्ही शोध घेतला तर तोच चुकीचा खंड आणखी तीन पेपरांच्या यादीत सापडला. पहिल्यानं आकडा चुकवला आणि बाकीच्यांनी मूळ पेपर न बघता तसाच उतरवला. त्या मुलाचा परीक्षेआधीचा महिना त्यात गेला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून या विषयावर मी जरा कडक बोलतो.

अशाच उतरलेल्या छपाईच्या चुकांचा माग काढून अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००३ साली एक अंदाज मांडला होता. रेफरन्स देणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच लोक मूळ लेख वाचतात, असा. अंदाज म्हणूनच घे. पण चुका एकासारख्या एक निघाल्या की कोणी कोणाचं बघून लिहिलं ते उघड होतं. शाळेत गुरुजींनाही ते कळायचं की.

आपल्या भागात नावांचा घोळ फार होतो, म्हणून त्यावर थोडा थांबतो. तुझ्या यादीत पाटील, कुलकर्णी, देसाई किती असतील? ही आडनावं मराठीतही आहेत आणि कन्नडमधेही. आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. कन्नड घरांत कितीदा आडनाव लिहीतच नाहीत. वडिलांचं किंवा गावाचं आद्याक्षर आणि स्वतःचं नाव, एवढंच. त्यामुळं यादी करताना कोणी स्वतःच्या नावालाच आडनाव समजतं, तर कोणी आडनावाचं आद्याक्षर करून टाकतं. नियम साधा आहे. मूळ पेपरावर आणि पबमेडवर ते नाव जसं नोंदलंय तसंच घ्यायचं, आपल्या ओळखीनं सुधारायचं नाही. तो लेखक तुझ्या शेजारच्या वॉर्डात बसत असला तरी नाही.

स्वतःच्या नावाचंही आजच ठरव. कर्नाटकातल्या शाळांच्या दाखल्यावर ‘त’साठी ‘टीएच’ लिहायची रीत आहे, पलीकडं कोल्हापुरात नुसता ‘टी’. एकाच बाईचे पेपर दोन स्पेलिंगांनी नोंदले गेले की त्या दोन वेगळ्या बाया होतात. लग्नानंतर आडनाव बदललं तर तिसरी. ओआरसीआयडी नावाचा सोळा अंकी क्रमांक मोफत मिळतो, तो काढून ठेव आणि पहिल्या पेपरावर जे नाव जाईल तेच पुढं चालव.

गावांच्या आणि जर्नलांच्या नावांचंही तेच. तुझ्या डॉल-हिलच्या वेळी ते जर्नल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ होतं. ‘बीएमजे’ हे नाव १९८८ पासूनचं. म्हणून १९५० च्या रेफरन्सला ‘ब्र मेड जे’ असंच लिहायचं. आपल्या बेळगाव शहराचं सरकारी नाव नोव्हेंबर २०१४ मधे बदललं. त्याआधीच्या पेपरांच्या शीर्षकात जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे, ते जसंच्या तसं ठेव. नावावरून आपल्याकडं किती मनं दुखावलेली आहेत ते तुला मी सांगायला नको. पण छापून गेलेलं शीर्षक बदलायचा हक्क या बाजूच्यालाही नाही आणि त्या बाजूच्यालाही नाही. बदललं तर शोधणाऱ्याला तो पेपर सापडायचा नाही. तुझ्या स्वतःच्या पत्त्यात मात्र तुझी संस्था आज जसं लिहिते तसंच लिही.

व्हँकूव्हर म्हटली तरी प्रत्येक जर्नलची थोडी आवडनिवड असतेच, आणि तुझा पेपर बहुतेक तिथंच अडकला असावा. मजकुरात रेफरन्सचा आकडा कुठं चौकोनी कंसात, कुठं साध्या कंसात, कुठं ओळीच्या वर चढवलेला. तो पूर्णविरामाच्या आधी की नंतर, हेही ठरलेलं असतं. आयसीएमजेईच्या नमुन्यात सहा लेखकांपर्यंत सगळी नावं देतात आणि जास्त असले तर पहिले सहा देऊन ‘एट अल’ (म्हणजे ‘आणि इतर’) लिहितात. ‘जामा’ आणि ‘लॅन्सेट’ सहापेक्षा जास्त असले तर पहिले तीनच घेतात. कोणी पानं ‘७३९-४८’ अशी आखडून लिहितं, कोणी ‘७३९-७४८’ अशी पूर्ण. लेखकांसाठीच्या सूचना वाचच, पण तेवढ्यावर थांबू नकोस. त्याच जर्नलचा ताजा अंक उघड, त्यातले तीन पेपर घे आणि त्यांच्या याद्या समोर ठेवून आपली ताड. सूचनांचं पान कधीकधी जुनं राहिलेलं असतं, छापलेली यादी मात्र चालू पद्धत दाखवते.

आकड्यांचा क्रम मजकुरात पहिल्यांदा उल्लेख होईल त्याप्रमाणं. एकदा ७ झालेला रेफरन्स शेवटपर्यंत ७ च. हे सगळ्यांना माहीत असतं, तक्त्यापाशी मात्र घोटाळा होतो. एखादा रेफरन्स फक्त तक्त्यात असेल तर मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जिथं येतो, तिथल्या क्रमानं त्याला आकडा मिळतो. तक्ते शेवटच्या पानांवर असतात म्हणून त्यातले रेफरन्स यादीच्या तळाशी ढकलले, तर ते चूक.

हे सगळं हातानं करत बसू नकोस. झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. पबमेडचं पान उघडं असताना त्याचं बटण दाबलं की नोंद जमा होते, वर्डमधे हव्या त्या जागी आकडा बसतो, आणि मधे एखादा रेफरन्स घातला किंवा काढला तरी पुढचे सगळे आकडे आपोआप बदलतात. जर्नल बदललं तर शैली बदलायची, यादी नवीन रूप घेते. तरीही शेवटी छापून, हातात पेन्सिल घेऊन एकेक ओळ तपास. शीर्षकातलं प्रत्येक अक्षर मोठं होऊन येणं, जर्नलचं पूर्ण नाव तसंच राहणं, आडनाव आणि नाव उलटसुलट होणं, हे यंत्राला कळत नाही. पाठवायच्या प्रतीतले झोटेरोशी जोडलेले दुवे तोडायला सांगितले तर आधी एक प्रत वेगळी जपून ठेव, नाहीतर दुरुस्ती परत आली की पहिल्यापासून सुरुवात.

एआयचं विचारलंस. त्याच्याकडून यादी करून घेऊ नकोस. ही यंत्रं अस्तित्वातच नसलेले पेपर रचून देतात. लेखक खरे वाटणारे, जर्नल खरं, वर्ष पटण्यासारखं, आणि उघडायला गेलं तर त्या पानावर दुसराच लेख. पबमेडवर प्रत्येक पेपराशेजारी ‘साइट’ (म्हणजे ‘रेफरन्स द्या’) असं बटण आहे, त्यात तयार रेफरन्स मिळतो. तो घे, फक्त लेखकांची संख्या आपल्या जर्नलप्रमाणं करून घे.

सरकारी अहवालांपाशी लोक गोंधळतात. तंबाखूवरचा पेपर आहे म्हणजे २०१६-१७ चा ‘गॅट्स-२’ (प्रौढांच्या तंबाखू-सेवनाच्या पाहणीची दुसरी फेरी) अहवाल तुझ्या यादीत असणारच. तिथं लेखक म्हणून माणसाचं नाव नसतं, संस्था हीच लेखक. मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आणि केंद्राचं आरोग्य मंत्रालय, दोन्ही नावं पूर्ण लिही. नुसतं ‘गव्हर्नमेंट ऑफ इंडिया’ लिहून सोडू नकोस. अहवाल वेबसाइटवरून घेतलास तर कोणत्या तारखेला पाहिलास ते दे. विडी आणि सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा सांगतेस तर कायद्याचाच रेफरन्स दे, त्याबद्दल वर्तमानपत्रात आलेल्या बातमीचा नको.

आता तुझ्या पत्रातल्या खऱ्या गाठीकडं येतो. ‘सगळे असंच करतात’, हे सीनियरचं म्हणणं.

१९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधे एक पत्र छापून आलं होतं. पाच वाक्यांचं. अफूजन्य वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांची रुग्णालयातली नोंद बघितली, व्यसन लागल्याची खात्रीची उदाहरणं चारच सापडली, एवढंच त्यात होतं. हे रुग्ण रुग्णालयात, देखरेखीखाली होते. पुढं लोकांनी त्या पत्राचा रेफरन्स द्यायला सुरुवात केली. ‘या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं’ असं लिहायचं आणि वर आकडा चढवायचा. २०१७ साली त्याच जर्नलमधे एका गटानं मोजणी छापली. त्या पत्राचा ६०८ वेळा उल्लेख झाला होता. त्यातल्या ७२ टक्के ठिकाणी तो व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून दिलेला, आणि ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी ते रुग्ण रुग्णालयातले होते हे सांगितलेलंच नाही. दरम्यान उत्तर अमेरिकेत घरी न्यायला ही औषधं सर्रास लिहून दिली जाऊ लागली. त्यातून व्यसनाची जी साथ उसळली तिच्यात हा रेफरन्सही हातभार लावून गेला, असं त्या गटानं लिहिलं. पाच वाक्यं वाचायला किती वेळ लागतो गं? एक मिनिट. सहाशेजणांतल्या बहुतेकांनी तेवढंही केलं नसावं, किंवा वाचून दुर्लक्ष केलं असावं. प्रत्येकाला वाटलं असणार, सगळे असंच करतात.

म्हणून मी पीजींना नेहमी सांगत आलो, वाक्यावर चढवलेला तो छोटा आकडा ‘मी हे वाचलंय, आणि त्यात हेच लिहिलंय’ असं बोलतो. निपाणीच्या ज्या बाईनं कामावरून येऊन, दमलेली असताना तुझ्या प्रश्नावलीला उत्तरं दिली, तिच्या खोकल्याशेजारी तू तो आकडा ठेवणार आहेस.

तुझ्या पहिल्या रेफरन्सचंच बघ. डॉल आणि हिल यांनी लंडनच्या २० रुग्णालयांतून फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि तेवढेच इतर रुग्ण घेऊन त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी विचारल्या. पेपर थोर आहे यात शंका नाही. पण तो ओढणाऱ्यांचा आहे आणि कर्करोगाचा आहे. तुझ्या बायकांतल्या बहुतेकींनी आयुष्यात विडी ओढलेली नसेल. त्यांच्या नाकातोंडात जाते ती तंबाखूची धूळ आणि तुझा विषय आहे खोकला, दम, छातीतली घरघर. ‘तंबाखूमुळे फुप्फुसाचे विकार होतात’ या वाक्याच्या अर्ध्याच भागाला तो पेपर साक्ष देतो. रिव्ह्यूअर जाणता असेल तर पहिल्याच ओळीला त्याची पेन्सिल थांबेल.

तेव्हा असं कर. उचललेल्या सतरा-अठरा रेफरन्सांची वेगळी यादी काढ. प्रत्येकाचा मूळ पेपर मिळव. पबमेड सेंट्रलवर, म्हणजे पूर्ण पेपरांच्या मोफत साठ्यात, बरेच मिळतील. उरलेले तुझ्या ग्रंथालयात माग. तिथले लोक दुसऱ्या कॉलेजांतून मागवून देतात, आणि विचारायला कोणी आलं की त्यांना बरं वाटतं, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगतो. तरी नाही मिळाला तर लेखकाला दोन ओळींची ईमेल कर. बहुतेकजण पाठवतात. पेपर हातात आला की सारांशावर थांबू नकोस. तुझं वाक्य ज्या पानावर, ज्या तक्त्यात उभं राहतं तिथं खूण कर आणि समासात तुझ्या वाक्याचा क्रमांक लिही. खूण करायला जागा सापडली नाही, तर तो रेफरन्स त्या वाक्याचा नाही. जो मिळालाच नाही तो काढून टाक. त्याच्याबद्दल तू एखाद्या रिव्ह्यूमधे (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखात) वाचलं असशील तर रिव्ह्यूचाच रेफरन्स दे, कारण तू वाचलास तो रिव्ह्यू. ३४ चे २५ झाले तर होऊ देत. मूळ संशोधनाच्या पेपराला ते कमी नाहीत.

छापलेला पेपर नंतर जर्नलनं मागं घेतला नाही ना, तेही पबमेडवर बघ. तसं असेल तर वर ठळक पट्टी दिसते. झोटेरोही इशारा देतं. कोविडच्या काळात मलेरियाच्या औषधावरचा ‘लॅन्सेट’मधला पेपर २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागं घेतला गेला. दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. तेवढ्या दिवसांत ज्यांनी तो आपल्या फाइलीत उतरवून घेतला आणि नंतर परत बघितलं नाही, त्यांच्या याद्यांत तो राहिलाच असणार.

इंग्रजीच्या धसक्याचं म्हणशील तर या कामात इंग्रजी जवळजवळ लागतच नाही. शीर्षक दुसऱ्यानं लिहिलेलं, नाव दुसऱ्याचं, आकडे तर आकडेच. लागते ती नजर. मराठी शाळेत शुद्धलेखनाच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाईची खूण झेललेली मुलं हे काम चांगलं करतात, असं मी पाहिलं आहे.

पेपर तिसऱ्यांदा पाठवायची घाई नको. दोनदा परत आला म्हणजे नाकारला असं नाही. अजून कोणी तो वाचलेलाच नाही. गाईडना उचललेल्या रेफरन्सांचं स्वतःहून सांग. ओरडतील एखाद्या वेळेस, पण पेपरावर त्यांचंही नाव आहे, त्यांना कळायला हवं.

डॉल-हिलचा मूळ पेपर पबमेड सेंट्रलवर मोफत आहे, जुन्या छपाईच्या पानांचे फोटो आहेत. आज रात्री ड्युटी नसेल तर तो पूर्ण वाच. मग ठरव, की त्याच्यासाठी वाक्य बदलायचं, का वाक्यासाठी विडी कामगारांवरचाच एखादा पेपर शोधायचा. मी दुसरं करीन. पहिल्या जागेवर तो नवा पेपर बसला की झोटेरोतली यादी एकदा ताजी करून घे, आणि पंधरा दिवसांनी खुणा केलेल्या प्रती घेऊन मला कळव.